टेंभूचे संपादक : कै. गोपाळ गणेश आगरकर

कृष्णेच्या काठी, कऱ्हाडापासून जवळच, टेंभू नावाचे एक गाव आहे. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ अशा कोरड्या मुलखातून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हे नाव अनोळखी नाही. टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते अवर्षणग्रस्त भागाकडे नेणारी मोठी योजना आहे, आणि टेंभूचे पाणी यंदा केव्हा येणार, ही चौकशी त्या बाजूच्या घराघरांतून होत असते. परंतु ह्याच गावाने महाराष्ट्राला पाण्याखेरीज आणखीही काही दिले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. ज्यांच्या लेखणीने मराठी वर्तमानपत्राला निर्भयपणाचा धडा घालून दिला, ते कै. गोपाळ गणेश आगरकर १४ जुलै १८५६ रोजी ह्याच टेंभूस जन्मले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे; १९४९ साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा आगरकर सातारकरांचे जितके, तितकेच सांगलीकरांचेही होत. म्हणून यंदाच्या वार्षिक अंकात त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आगरकरांच्या घरी दारिद्र्य होते. घरी राहून शिक्षण होण्यासारखे नव्हते, म्हणून ते कऱ्हाडास आजोळच्या आश्रयाने शिकू लागले. थोडे इंग्रजी शिक्षण झाले न झाले तोच पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी कऱ्हाडच्या मुनसफ कचेरीत उमेदवारी केली. पुढे शिकावे ह्या ओढीने ते सह्याद्री उतरून पायी रत्नागिरीस गेले; पण तेथे राहण्याजेवण्याची सोय लागेना, म्हणून आल्या वाटेने परतले. मग कऱ्हाडच्या दवाखान्यात कंपाउंडरचे काम पत्करले. दुसरा एखादा मुलगा एवढ्यावरच थांबला असता आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. आगरकर थांबले नाहीत. वऱ्हाडात अकोला येथे त्यांचे एक नातलग होते. त्यांच्या आधाराने ते तेथे गेले आणि १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उतरले. अकोल्याच्या शाळेतील शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांनी ह्या होतकरू मुलास जवळ केले. एखाद्या शिक्षकाचा चांगुलपणा एका मुलाच्या आयुष्यात केवढे काम करून जातो, हे आम्हां शिक्षकांनी महाजनींकडे पाहून ध्यानात ठेवावे.

मॅट्रिक झाल्यावर आगरकर पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांचा निर्वाह शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि वर्तमानपत्रांत लिहून मिळणारे थोडे पैसे ह्यांवर चालला. अंगात घालण्यास एकच सदरा होता आणि तोच ते रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आगरकरांना लेखणीची पहिली ओळख झाली ती गरजेपोटी झाली. पुढे ज्या लेखणीने त्यांच्यावर लोकांचा राग ओढवला, तीच लेखणी आरंभी त्यांच्या ताटात भाकरी वाढीत होती. म्हणूनच लेखणी विकली म्हणजे काय होते आणि न विकली म्हणजे काय सोसावे लागते, ह्या दोहोंची त्यांना चांगली जाण होती.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळक ह्यांच्याशी मैत्री जमली. दोघेही तरुण, दोघेही बुद्धिमान. सरकारी नोकरी पत्करावयाची नाही, शिक्षणाच्या द्वारे लोकांस जागे करावयाचे, असा दोघांचा निश्चय झाला. मुलगा मोठी परीक्षा देणार, आता घरचे दारिद्र्य फिटणार, अशी आगरकरांच्या आईची साहजिकच आशा होती. आगरकरांनी तिला पत्र लिहून स्पष्ट कळविले की, मोठ्या पगाराची अपेक्षा तिने धरू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या कामी घालविणार आहोत. हे पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. ते वाचताना आमचे लक्ष मुलाकडे जाते तसेच त्या आईकडेही जाते. असल्या निश्चयाची किंमत पुष्कळदा घरातील माणसे भरीत असतात, आणि त्यांची नावे चरित्रांत क्वचितच येतात.

१८८० च्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी ह्यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम्. ए. झाल्यावर आगरकरही त्या शाळेत येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ह्याच मंडळीने इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’ अशी दोन साप्ताहिके सुरू केली. ‘मराठा’चे काम टिळकांकडे आले आणि ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर झाले. टेंभूचा, कचेरीत उमेदवारी केलेला मुलगा वयाच्या पंचविशीच्या आत एका पत्राचा संपादक झाला होता.

पण वर्ष उलटते न उलटते तोच मोठे संकट आले, आणि ह्या संकटाची हकीकत प्रत्येक लिहिणाऱ्याने नीट समजून घेण्यासारखी आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी ह्यांची प्रकृती व मनःस्थिती ह्यांविषयी त्या वेळी लोकांत मोठी काळजी होती. महाराजांचा छळ होतो आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे ह्यांचे अंग आहे, असा बोभाटा होता. ह्या गोष्टीस पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली, आणि त्यांवर विसंबून ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांनी दिवाणांवर कडक टीका केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुढे ती पत्रे बनावट असल्याचे दिसून आले. संपादकांनी दिलगिरी प्रसिद्ध केली, तरी खटला चालूच राहिला, आणि जुलै १८८२ मध्ये आगरकर व टिळक ह्यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले व ऑक्टोबरात त्यांची सुटका झाली. तुरुंगातील दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली आणि शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे ‘विकारविलसित’ हे भाषांतरही त्या मुक्कामात हातावेगळे केले.

ह्या प्रकरणाने दोन्ही तरुणांची कीर्ती वाढली; लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. खटल्याच्या वेळी त्यांच्या जामिनाची व्यवस्था व्हावी म्हणून महात्मा जोतीराव फुले ह्यांनी खटपट केली, ही गोष्ट विशेष स्मरणीय आहे; कारण फुल्यांची मते आणि ‘केसरी’कार मंडळीची मते ह्यांत मोठे अंतर होते. तथापि स्वागताच्या गजरात मूळ चूक झाकली जाऊ नये. महाराजांविषयीची कळकळ खोटी नव्हती; १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे ह्या दुर्दैवी राजाचा देखरेखीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला, हे पाहता त्या कळकळीचे समर्थनच झाले. पण कळकळ खरी म्हणून पुरावा खरा ठरत नाही. हाती आलेला कागद कोणी लिहिला, कोणी आणून दिला आणि त्यात त्याचा हेतू काय, हे न तपासता छापणे ही चूकच होती. आज हाती कागद येत नाही, मोबाइलवर मजकूर येतो, आणि छापखान्यावाचून तो क्षणात शेकडो घरी जातो. परंतु तपासल्यावाचून पुढे धाडलेला मजकूर आणि कोल्हापूर प्रकरणातील ती पत्रे ह्यांची जात एकच आहे.

तुरुंगातून आल्यावर आगरकर पुन्हा शिकविण्याच्या व लिहिण्याच्या कामास लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. बाहेरून पाहणाऱ्यास सर्व सुरळीत दिसत होते. पण ‘केसरी’च्या कचेरीत मतभेद वाढत होता. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, जातिभेद ह्या प्रश्नांवर आगरकरांना स्पष्ट लिहावयाचे होते. आधी आपले घर सुधारले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. टिळकांचे म्हणणे असे की, परक्या राज्याशी झगडत असता समाजात फूट पडू देऊ नये आणि सुधारणा सरकारी कायद्याने लादून घेऊ नये. दोन्ही पक्षांत प्रामाणिकपणा होता. तथापि पत्र एकट्या संपादकाचे नव्हते, मंडळाचे होते. आणि मंडळातील बहुतेकांना व वाचकांपैकी पुष्कळांना आगरकरांची मते रुचत नव्हती. संपादक म्हणून नाव आपले आणि मनातले मात्र लिहावयाचे नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

येथेच आगरकरांच्या आयुष्यातील खरी कसोटी आली, असे आम्हांस वाटते. सरकारशी झगडताना सारा समाज पाठीशी असतो. तुरुंगाच्या दारात हार घेऊन लोक उभे राहतात. पण आपल्याच वाचकाचा दोष त्यास दाखविणे हे त्याहून कठीण आहे. तेथे हार नाहीत, आणि वर्गणीही बंद होते. पुष्कळ वर्तमानपत्रे ह्याच जागी अडखळतात. सत्तेपुढे ती एखादे वेळी ताठ उभी राहतील, परंतु वर्गणीदार, जाहिरातदार, जातभाई आणि आळीतले वजनदार गृहस्थ ह्यांच्यापुढे त्यांची मान आपोआप लवते.

आगरकरांनी मान लवविली नाही. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला. मराठीतील अग्रगण्य पत्राची गादी त्यांनी आपण होऊन खाली ठेवली आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ नावाचे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्यात मराठी व इंग्रजी असे दोन भाग असत. मराठी मजकूर आगरकर लिहीत आणि इंग्रजी भागास गोपाळ कृष्ण गोखले ह्या तरुण सहकाऱ्याचे साहाय्य होते. मोठे भांडवल पाठीशी नव्हते. कॉलेजातील तुटपुंजे वेतन, दम्याची व्यथा आणि रोजचे अध्यापन एवढ्या संसारात हे पत्र चालले.

‘सुधारक’ने काय केले? जे विषय लोक दिवाणखान्यातही दबक्या आवाजात काढीत, ते त्याने छापून घरोघरी पोहोचविले. विधवेचे केस काढण्यात धर्म कोणता, लहान मुलीचे लग्न लावण्यात तिचे हित कोणते, मुलांना शिकवावे व मुलींना शिकवू नये ह्यास आधार कोणता, असे साधे प्रश्न त्याने विचारले. रूढी जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही, ती बुद्धीच्या कसास उतरली पाहिजे, हा त्याच्या सर्व लिखाणाचा सूर होता. १८९१ साली मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहांवरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. त्या वादात ‘सुधारक’ने कायद्याची बाजू हिरिरीने मांडली, आणि पुण्यातील लोकमताचा मोठा भाग त्याच्या विरुद्ध होता. आगरकर जिवंत असता लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, असे सांगतात. पुढच्या आठवड्याचा अंक मात्र निघावयाचा तो निघालाच.

आगरकर निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. त्यांची भाषा कधी कधी फार तिखट होई. तिने पटणाऱ्या वाचकासही दुखावले असेल. शिवाय ‘सुधारक’ बोलला तो मुख्यतः पांढरपेशा घरांतील अन्यायांविषयी. शेतकरी व कामकरी ह्यांची दुःखे त्यांच्याच माणसांनी मांडावी लागली. त्यासाठी कृष्णराव भालेकरांनी १८७७ सालीच ‘दीनबंधु’ काढला होता व पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो चालविला. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य समाजाची बाजू कोणी मांडीना, म्हणून १९२० साली ‘मूकनायक’ काढावा लागला. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालविला आणि तो पुष्कळ वर्षे नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून निघत राहिला. आमच्या ख्रिस्ती समाजाचे ‘ज्ञानोदय’ तर १८४२ सालीच अहमदनगरास सुरू झाले होते. एक पत्र, मग ते कितीही मोठे असो, सर्वांच्या वतीने बोलू शकत नाही. ज्याच्या पायात काटा मोडला आहे, त्याला तो कोठे सलतो हे स्वतः सांगता आले पाहिजे.

१८९२ साली वामन शिवराम आपटे ह्यांच्या मृत्यूनंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण शरीर आधीच थकले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी झालेली नसता, त्यांचे देहावसान झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडेसे पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. शेवटच्या दुखण्यात टिळक त्यांस भेटून गेले, आणि मृत्यूनंतर ‘केसरी’त त्यांच्याविषयी टिळकांनीच लेख लिहिला. मतभेदाने मैत्रीवर राख बसली होती. निखारा विझला नव्हता.

आगरकर ईश्वराविषयी अज्ञेयवादी होते. आम्ही प्रार्थनेने दिवसाचा आरंभ करणारे आहोत. ह्या एका बाबतीत त्यांच्याबरोबर आम्हांस जाता येत नाही, आणि ते लपविणे त्यांच्या चरित्रकारास शोभणार नाही. परंतु सत्यासाठी पद, पैसा व लोकांची मर्जी ही तिन्ही सोडणाऱ्या माणसापुढे श्रद्धावंतानेही मस्तक नमवावे.

आता आमच्याकडे पाहू. आमच्या जिल्ह्यांतून पुष्कळ लहानमोठी पत्रे निघतात. त्यांतून काही चांगले काम होते, हे कबूल केले पाहिजे. तथापि पानेच्या पाने वाढदिवसांच्या अभीष्टचिंतनांनी व पुढाऱ्यांच्या छायाचित्रांनी भरलेली पाहिली, आणि गावातील बंद पडलेल्या नळाची किंवा गळक्या शाळेची दोन ओळींची बातमी शोधूनही सापडली नाही, म्हणजे मन खिन्न होते. दोष एकट्या संपादकाचा नाही. अंक कमी किमतीत मिळावा अशी आमची इच्छा असते. मग उरलेली किंमत जो भरतो, त्याच्याविरुद्ध पत्राने लिहावे कसे?

आणि दोष केवळ वर्तमानपत्रांचा नाही, हे आम्ही स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात एका विद्यार्थ्याने लिहिले की, पिण्याच्या पाण्याची टाकी वर्षभरात धुतलेली नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे यावयाचे होते. आम्ही तो कागद काढून घडी करून खिशात घातला. मुलगा काही बोलला नाही. तो नुसता रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. त्याच आठवड्यात वर्गात आम्ही आगरकरांवरील पाठ शिकविला, आणि शिकविताना आमचा आवाज आम्हांसच परका वाटला. तास संपल्यावर त्या मुलास घेऊन आम्ही टाकीपर्यंत गेलो, शिपायास विचारले, नोंद पाहिली. टाकी जूनमध्ये एकदा धुतली होती; म्हणजे वर्षभर हा शब्द चुकला होता. झाकण उघडले तेव्हा तळाशी गाळ होता. म्हणजे तक्रार खरी होती. मुलाने चूक दुरुस्त करून तो मजकूर पुन्हा लिहिला आणि आम्ही आमच्या हाताने तो जागच्या जागी लावला. टाकी शनिवारी धुतली गेली.

विद्यार्थिमित्रहो, आगरकरांच्या चरित्रातून दोन गोष्टी उचला. लिहिण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडून पाहा. आणि खरे आढळले म्हणजे, वाचणारा आपलाच शिक्षक, आपलाच शेजारी, आपलाच नातलग असला तरी ते लिहा. पालकहो, आपल्या मुलाने असे काही लिहिले तर त्यास घाबरवू नका. ते खरे आहे काय, एवढेच विचारा, आणि खरे असेल तर त्याच्या मागे उभे राहा. टेंभूच्या त्या आईलाही पत्र हाती पडल्यावर दुःख झाले असेल. पण तिच्या त्या दुःखातून महाराष्ट्रातील किती मुलींच्या कपाळचे दुःख टळले, ह्याचा हिशेब कोण मांडणार?